रित्या फेरीचा हिशेब

दळणवळणाचा इतिहास लिहिणारे बहुधा जाणाऱ्याकडे पाहतात. पत्र किती दिवसांत पोंचलें, गाडी किती वेगानें धांवली, विमानानें समुद्र किती तासांत ओलांडला, याची नोंद सर्वत्र सांपडते. परंतु पत्र पोंचविल्यावर हरकारा घरीं कसा परतला, गाडी मुक्कामाला नेणारा ड्रायव्हर रात्रीं कोठें निजला, आणि परगांवीं विमान सोडून आलेला वैमानिक पुनः कामावर कसा हजर झाला, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. वाहून नेणाऱ्या माणसालाहि कधींतरी वाहून न्यावें लागतें. त्याची ही रिती फेरी कोणाच्या वेळेंत धरावयाची, धन्याच्या कीं त्याच्या स्वतःच्या, हा वाद टपालाइतकाच जुना आहे. आणि आज तो विमान कंपन्यांच्या कचेऱ्यांत नव्यानें उभा राहिला आहे.

विमानाच्या धंद्यांत अशा प्रवासाला ‘डेडहेड’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील नाटकगृहांत फुकट पासावर बसणाऱ्या प्रेक्षकास हा शब्द लावीत. तेथून तो आगगाडीच्या धंद्यांत शिरला व पुढें विमानाच्या धंद्यांत आला. आज त्याचा अर्थ असा, कीं विमान दुसरा कोणी चालवीत आहे, आणि हा वैमानिक उतारूच्या जागेवर बसून, जेथून त्याचें काम सुरू व्हावयाचें त्या गांवीं चालला आहे. तिकीट कंपनीचें आणि वेळहि कंपनीनेंच ठरविलेली. परंतु कांहीं वैमानिकांना ही ठरलेली जागा नको असते. त्यांचें घर भलत्याच गांवीं असतें. आधीं कंपनीच्या ठाण्यावर जावयाचें आणि तेथून पुनः तिसऱ्या शहरीं, यापेक्षां घरूनच परस्पर कामाच्या जागीं जाणें त्यांना सोयीचें वाटतें. म्हणून ते ठरलेली जागा सोडतात आणि आपली वाट आपणच शोधतात. ही मोकळीक किती खरी आणि तिची किंमत कोण देतो, हें समजून घेण्यास विमानतळापेक्षां परभणी जिल्ह्याचा जुना रस्ता अधिक उपयोगी पडतो. पायीं, बैलाच्या पाठीवर, गाडीनें आणि आगगाडीनें वाहतूक करणाऱ्या साऱ्या पिढ्या त्या एका मुलखांतून गेल्या आहेत.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काळ्या मातीचा हा मुलूख ज्वारीचा आणि कापसाचा. पाथरी, गंगाखेड, जिंतूर, सेलू, मानवत हीं येथील जुनीं गांवें. लोहमार्ग येण्यापूर्वीं मराठवाड्यांतील मोठी वाहतूक लमाणांच्या तांड्यांकडे असे. देशावरचें धान्य ते किनाऱ्याकडे नेत आणि किनाऱ्याचें मीठ देशावर आणीत. लमाणाला रिती फेरी ठाऊक नव्हती. कारण दोन्ही वाटांना त्याच्या गोणी भरलेल्या असत, आणि त्याचें घरहि त्याच्याबरोबरच चालत असे. बायकामुलें, भांडींकुंडीं, शिकारी कुत्रीं हीं सर्व तांड्यांत. जेथें तांडा उतरला तेथें घर; मग परतणें म्हणजे काय, हा प्रश्नच त्याच्यापुढें येत नसे.

गाडीवानाची गोष्ट निराळी. त्याचें घर एका गांवीं रोंवलेलें. मानवतच्या बाजारांत कापूस उतरला, कीं बैलांना आणि त्याला परत यावेंच लागे. म्हणून भाडें ठरवितांना परतीचा माल मिळणार कीं नाहीं हें तो आधीं पाही. मिळणार नसेल तर रित्या फेरीची भरपाई जातांनाच्या भाड्यांत करून घेई. त्याला हिशेबनीस नव्हता, पण हें एक तत्त्व त्याला पुरतें कळलेलें होतें : माल घेऊन जाणें आणि रिकामें परतणें हीं दोन कामें नव्हेत, तें एकच काम आहे आणि त्याचें मोल एकत्रच करावयाचें असतें. गाडीवान आपल्या बैलांचा धनी होता, म्हणून हें तत्त्व तो बोलून दाखवूं शकला. जो दुसऱ्याचा चाकर होता, त्याला तें मान्य करून घेण्यास फार काळ लागला.

टपालाच्या हरकाऱ्यापुरतें हें कोडें टप्प्यांच्या रचनेनें सुटलें होतें. एकानेंच पत्र शेवटपर्यंत नेण्याऐवजीं वाटेचे लहान लहान टप्पे पाडीत, आणि प्रत्येक टप्प्यावर निराळा माणूस नेमीत. हातांत घुंगुर लावलेला भाला, खांद्यावर थैली, अशा थाटांत तो आपले चार-दोन कोस धांवे. टप्प्याच्या शेवटीं झोंपडींत समोरून आलेल्या गड्याची गांठ पडे. थैल्यांची अदलाबदल होई आणि दोघेहि उलट वाटेनें आपापल्या ठाण्याकडे परतत. पत्र शंभर कोस गेलें तरी माणूस आपल्या मुलखाबाहेर जात नसे. आणि परततांनाहि त्याच्या खांद्यावर थैली असल्यामुळें, परतीची वाट हेंहि कामच आहे याबद्दल कोणाला शंका घेण्यास जागा नव्हती. वाहतुकीची इतकी साधी आणि इतकी माणुसकीची रचना पुढें फार थोड्या वेळां साधली गेली.

पालखीच्या डाकेंत हें समाधान नव्हतें. कंपनी सरकारच्या अमदानींत लांबच्या प्रवासाला निघणारा साहेब पोस्टमास्तरला आगाऊ कळवून पैसे भरी, आणि मग वाटेवरील प्रत्येक चौकीवर भोयांची टोळी तयार ठेवण्यांत येई. आठ भोई, रात्रीसाठीं एक मशालजी आणि सामानासाठीं एक-दोन कावडवाले, असा सामान्यतः लवाजमा असे. साहेब चौकीमागून चौकी मागें टाकीत पुढें जाई. मागें राहिलेले भोई मात्र रात्रीच्या काळोखांत पायींच आपल्या चौकीकडे वळत. साहेबांच्या प्रवासवर्णनांतून नद्या, देवळें आणि वाघ यांचीं वर्णनें पुष्कळ आहेत; परतणाऱ्या भोयाचें चित्र त्यांत शोधावें लागतें.

आणि याहूनहि खालची पायरी वेठीची होती. गांवीं अंमलदार आला, कीं त्याचें सामान पुढच्या गांवापर्यंत नेणें, सरकारी कागद पोंचविणें, वाट दाखविणें, हीं कामें वतनी महारांच्या माथीं असत. ओझें पोंचल्यावर तो माणूस परत कसा येतो, त्याचा दिवस बुडाला कीं रात्र, हें कोणाच्याहि दप्तरांत लिहिलें जात नसे. जातांनाचेंच मोल जेथें नाहीं, तेथें परतीचें कोठून असणार? १९२८ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत वतनाच्या कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक मांडलें. या चाकरीला दिवसरात्रीची मर्यादाच नाहीं, हें त्यांच्या प्रतिपादनांतील एक मुख्य दुखणें होतें. तें विधेयक तडीस गेलें नाहीं. मुंबई राज्यांत हीं कनिष्ठ गांववतनें रद्द करणारा कायदा १९५८ सालीं झाला. मोबदल्याची गोष्ट दूरच, परंतु माणसाचा वेळ मोजला जाणें हाहि एक हक्कच आहे, हें या इतिहासावरून उघड होतें. ज्याचा वेळ कोणी मोजीत नाहीं, त्याचा सगळाच वेळ धन्याचा होतो.

विसाव्या शतकाच्या आरंभीं परभणी जिल्ह्यांतून आगगाडी धांवूं लागली. हैदराबादपासून मनमाडपर्यंत सुमारें ३९० मैलांचा हा मीटर गेजचा मार्ग हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे या नांवानें ओळखला जाई. परभणी तेव्हां निजामाच्या राज्यांत होती. मनमाडला हा अरुंद मार्ग मुंबईच्या रुंद मार्गास मिळे, आणि तेथें कापसाच्या गांठी एका गाडींतून दुसऱ्या गाडींत चढवाव्या लागत. परभणीपासून सुमारें १८ मैलांवर पूर्णा हें स्टेशन. १९१२ सालीं तेथून हिंगोलीचा फांटा निघाला आणि पूर्णेचें जंक्शन झालें. पुढें परभणीहूनहि परळीकडे एक फांटा गेला. जंक्शन म्हटलें, कीं इंजिनांची शेड, कोळसा, पाणी आणि गाडीवरच्या माणसांची वसाहत हीं ओघानेंच आलीं. नदीच्या नांवाचें हें गांव पुढें आगगाडीवरच्या लोकांचें गांव म्हणून ओळखलें जाऊं लागलें.

आगगाडीनें रित्या फेरीचा प्रश्न एकदम मोठा केला. हरकारा चार-दोन कोसांवरून परते. ड्रायव्हर, फायरमन आणि गार्ड हे शेकडों मैलांवर जाऊन पडत. म्हणून रेल्वेनें तीन व्यवस्था केल्या. पहिली म्हणजे शेडजवळची चाळ. गाडीवरच्या माणसानें हांकेच्या अंतरांत राहावें, म्हणजे वेळीं-अवेळीं कॉल बॉय वही घेऊन दाराशीं येईल, सही घेईल आणि दोनेक तासांत तो माणूस इंजिनावर हजर होईल. दुसरी व्यवस्था म्हणजे रनिंग रूम. परगांवीं गाडी पोंचविल्यावर ड्रायव्हर व गार्ड तेथें उतरत. बरोबर आणलेला शिधा स्वयंपाक्याच्या स्वाधीन करीत, जेवत, निजत आणि परतीच्या गाडीची वाट पाहत. घरचें पीठ, घरची डाळ, आणि भाकरी मात्र परक्या हातची, अशी ती अर्धी गृहस्थी असे.

तिसरी व्यवस्था ‘स्पेअर’ जाण्याची. कोणत्याहि लोहमार्गावर दोन्ही दिशांच्या गाड्या नेहमींच सारख्या नसतात. हंगामांत मालगाड्यांचा लोंढा एका अंगाला वाहतो; एखाद्या जागीं माणसें सांचतात, दुसऱ्या जागीं त्यांचा तुटवडा पडतो. मग वरकड ड्रायव्हरला उतारूंच्या गाडींत बसवून, जेथें गरज आहे तेथें पाठवितात. यालाच गाडीवरचे लोक ‘स्पेअर जाणें’ म्हणतात. वैमानिकाचें डेडहेड आणि पूर्णेच्या ड्रायव्हरचें स्पेअर हीं एकाच गोष्टीचीं दोन नांवें होत. या प्रवासांत त्याच्या हाताला काम नसतें, परंतु पायाला मोकळीकहि नसते. कारखान्याच्या दृष्टीनें पाहणारा म्हणतो, कीं हा गृहस्थ बांकावर बसून डुलक्या घेत आला, याला कामाचे तास कसले? घरच्या दृष्टीनें पाहणारा म्हणतो, कीं हा गृहस्थ काल सकाळीं गेला तो आज रात्रींपर्यंत घरीं नाहीं, याला विश्रांति कसली? दोघेहि आपापल्या परीनें खरें बोलतात. म्हणूनच हा निवाडा कायद्याला करावा लागला.

हा कायदा हळूहळू आला. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें कामाच्या तासांचा करार केला. हिंदुस्थाननें तो १९२१ सालीं स्वीकारला. त्यास अनुसरून १९३० सालीं रेल्वेच्या कायद्यांत दुरुस्ती झाली. महायुद्ध संपल्यानंतर महागाईनें गांजलेल्या रेल्वे नोकरांनीं १९४६ सालीं संपाची तयारी केली, तेव्हां कामाचे तास, विश्रांति आणि रजा यांचा निवाडा मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ति जी. एस. राजाध्यक्ष यांच्याकडे सोंपविण्यांत आला. त्यांचा निवाडा १९४७ सालीं बाहेर पडला. टपाल खात्याच्या नोकरांचा तंटाहि त्याच सुमारास त्यांच्यापुढें होता. म्हणजे हरकाऱ्याचे वारस आणि आगगाडीवरचे कामगार, दोघांचेंहि गाऱ्हाणें एकाच मराठी न्यायाधीशानें ऐकलें.

राजाध्यक्षांनीं कामाचे प्रकार त्यांतील ताणावरून पाडले. अति ताणाच्या कामाला आठवड्यास ४५ तास, सलग कामाला ५४ तास आणि अधूनमधून पडणाऱ्या कामाला ७५ तास, अशी ती वांटणी होती. आंकड्यांपेक्षां त्यामागील विचार महत्त्वाचा आहे. माणूस हात हलवीत आहे कीं नाहीं, एवढ्यावरून काम ठरत नाहीं. तो कोणाच्या हुकमांत अडकलेला आहे आणि त्याचें लक्ष किती गुंतलेलें आहे, यावरून तें ठरतें. निजामच्या राज्यांतील लोहमार्ग १९५० सालीं केंद्र सरकारकडे आला आणि १९५१ सालीं मध्य रेल्वेंत सामील झाला, तेव्हां या विचाराची मोजपट्टी पूर्णेच्या शेडपर्यंत येऊन पोंचली. तरीसुद्धां इंजिनावरच्या माणसांचा दिवस लांबच राहिला. १९७३ च्या ऑगस्टमध्यें इंजिनावरच्या नोकरांनीं संप केला, आणि कामावर सही केल्यापासून सही सुटेपर्यंत दहा तास, अशी मर्यादा सरकारकडून कबूल करून घेतली. पुढच्या वर्षीं मे महिन्यांत देशभर जो मोठा रेल्वे संप झाला, त्याच्या मागण्यांतहि कामाच्या तासांना मोठें स्थान होतें.

आगगाडीकडून विमानाकडे जाण्याचा पूल याच हैदराबादच्या रेल्वेंत सांपडतो. निजामच्या रेल्वे खात्यानें १९३२ सालीं २७ बसगाड्या घेऊन रस्त्यावरची वाहतूक सुरू केली. आणि १९४५ सालीं हैदराबाद संस्थान व टाटा यांच्या भागीदारींत डेक्कन एअरवेज ही विमान कंपनी निघाली. एकाच संस्थानच्या आश्रयाखालीं रूळ, रस्ता आणि आकाश असे तिन्ही मार्ग आले. १९५३ सालीं देशांतील विमान कंपन्यांचें राष्ट्रीयीकरण झालें, त्यांत डेक्कन एअरवेजहि इंडियन एअरलाइन्समध्यें विलीन झाली.

टाटांची हवाई टपाल सेवा याच्या आधींची. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन एक लहानसें पस मॉथ विमान अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूला आणलें. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें टपाल बेल्लारीमार्गें मद्रासकडे नेलें. इंग्लंडचें टपाल आठवड्यांतून एकदां कराचीस येई, त्याला जोडून ही सेवा होती. वैमानिक बदलला, थैली तीच राहिली. जुहूचें मैदान पावसाळ्यांत पाण्याखालीं जाई, तेव्हां मुक्काम पुण्यास हलवीत. वैमानिक मूठभर, आठवड्याची एक फेरी. त्या दिवसांत कोण कोठें उतरला आणि परत कसा आला, याची व्यवस्था तोंडच्या तोंडीं होत असेल. फेऱ्या वाढल्या तसा मात्र आगगाडीचाच पेंच आकाशांत उभा राहिला.

त्याचें सर्वांत सुंदर उत्तर नागपूरला मिळालें. ३० जानेवारी १९४९ रोजीं रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्रीं एकेक विमान टपाल व उतारू घेऊन निघे. देशाच्या मध्यावर, नागपूरच्या सोनेगांव विमानतळावर, ऐन मध्यरात्रीच्या सुमारास तीं चारी विमानें एकत्र येत. थैल्यांची अदलाबदल होई. आणि पहांटेपर्यंत प्रत्येक विमान ज्या शहरांतून निघालें होतें त्याच शहरीं परत जाई. मुंबईच्या माणसानें रात्रीं टाकलेलें पत्र सकाळीं कलकत्त्यास असे, आणि तें घेऊन निघालेला मुंबईचा वैमानिक सकाळीं मुंबईंतच असे. ही रचना नवी वाटते, परंतु ती हरकाऱ्याच्या झोंपडीचीच आहे. घुंगरांच्या जागीं इंजिनांची घरघर आली आणि टप्पा चार-दोन कोसांऐवजीं शेंकडों मैलांचा झाला, इतकेंच. पत्र दूर जातें, माणूस घरीं परततो, आणि परततांनाहि त्याच्याजवळ थैली असते. रिती फेरी येथें उरतच नाहीं.

नागपूरची ही सेवा १९७३ च्या ऑक्टोबरपर्यंत चालली. त्याच वर्षाच्या एप्रिलांत अमेरिकेंत मेम्फिस येथें एका खासगी कंपनीनें चौदा लहान विमानांनिशीं तशाच रीतीचा धंदा सुरू केला : सगळीकडचा माल रात्रीं एका मध्यवर्ती विमानतळावर आणावयाचा, तेथें निवडावयाचा आणि पहांटेच्या आंत चहूंकडे पाठवावयाचा. हा धंदा जगभर पसरला. मात्र एक मोठा फरक पडला. विमानें दूरदूरच्या देशांत जाऊं लागलीं, फेऱ्या गुंतागुंतीच्या झाल्या, आणि ‘ज्या गांवचा वैमानिक त्याच गांवीं सकाळीं परत’ ही सोय राहिली नाहीं. वैमानिकाला आज एका खंडांत उतारू म्हणून नेऊन सोडावयाचें, तेथून त्यानें विमान चालवावयाचें, आणि शेवटीं तिसऱ्याच शहराहून पुनः उतारू म्हणून परत आणावयाचें, असे तक्ते तयार होऊं लागले.

वैमानिक आपली वाट आपण शोधूं लागला तो या टप्प्यावर. अमेरिकेंतील मालवाहू कंपन्यांच्या वैमानिकांनीं आपल्या करारांत अशी कलमें घालून घेतलीं, कीं ठरलेल्या डेडहेडऐवजीं वैमानिकानें स्वतःच्या सोयीनें प्रवास करावा, कंपनीनें त्या तिकिटाच्या खर्चाच्या मर्यादेंत त्याला पैसे द्यावे, आणि ठरल्या वेळीं कामावर हजर राहण्याची जबाबदारी मात्र त्याची असावी. वरवर पाहतां यांत कोणाचेंच नुकसान नाहीं. ज्याचें घर ठाण्यापासून दूर आहे त्याला एक दिवस अधिक घरीं मिळतो. मुलाचा वाढदिवस, आजारी आई, घरचें कार्य, हीं त्याच्या हातीं येतात. पूर्णेच्या चाळींतील ड्रायव्हरला ही मुभा कधींच नव्हती. त्याचें घर शेडच्या भोंग्याला बांधलेलें होतें. एकाच्या आयुष्यांत धंद्यानें घर ठरविलें, दुसऱ्याच्या आयुष्यांत घरानें धंद्याची वाट ठरविली. माणसाच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीनें ही प्रगतीच म्हटली पाहिजे.

परंतु या मोकळिकीच्या पोटांत एक जुनी गोष्ट पुनः शिरली. कंपनीनें दिलेल्या जागेवर बसून आलेला वैमानिक कामावर आहे असें कायदा मानतो. अमेरिकेंत २०१४ पासून अंमलांत असलेला नियम तर स्पष्ट सांगतो, कीं डेडहेडचा सर्व वेळ हा कामाचा वेळ आहे. तो विश्रांति म्हणून धरतां येणार नाहीं. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांतहि कंपनीच्या सांगण्यावरून उतारू म्हणून केलेला प्रवास कामाच्या काळांत मोजला जातो, जरी तो उड्डाणाच्या तासांत मोडत नाहीं. घरून ठाण्यापर्यंतचा प्रवास मात्र माणसाचा खासगी. परभणीसारख्या गांवीं घर असलेला एखादा वैमानिक रात्रीच्या गाडीनें मुंबईस आला आणि सकाळीं विमानावर चढला, तर ती रात्र कागदोपत्रीं विश्रांतीची ठरते. बांकावर बसून डुलक्या घेण्याला काम म्हणावें कीं विश्रांति, हा पूर्णेच्या स्पेअर ड्रायव्हरचा प्रश्न येथें पुनः उभा राहतो. आणि येथें त्याचें उत्तर उलट मिळतें.

याची किंमत किती मोठी असूं शकते, हें १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्रीं दिसलें. अमेरिकेंतील न्यूअर्कहून बफेलोकडे निघालेलें एक लहान उतारू विमान उतरण्याच्या बेतांत असतांना कोसळलें. विमानांतील ४९ आणि जमिनीवरील एक, असे ५० जण प्राणांस मुकले. चौकशींत मुख्य कारण ठरलें तें वैमानिकानें धोक्याच्या इशाऱ्यानंतर केलेल्या चुकीच्या हालचालीचें. परंतु त्याचबरोबर असेंहि निष्पन्न झालें, कीं सहवैमानिक आदल्या रात्रीं देशाच्या दुसऱ्या टोंकाहून, सिएटलहून, मेम्फिसमार्गें मालवाहू विमानानें प्रवास करीत न्यूअर्कला आली होती, आणि मुख्य वैमानिकाचें घरहि दूर फ्लॉरिडांत असून त्यानें ठाण्यावरील बैठकीच्या खोलींत रात्र काढली होती. थकव्यानें त्यांच्या कामावर परिणाम झाला असावा, परंतु तो नेमका किती हें ठरवितां येत नाहीं, असें चौकशी मंडळानें नमूद केलें. कागदोपत्रीं दोघांनाहि विश्रांति मिळाली होती. शरीराला मात्र ती मिळाली नव्हती. त्या अपघातानंतरच अमेरिकेंत वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम नव्यानें लिहिले गेले.

यावर दुसऱ्या टोंकाचा उपाय सुचविला जातो, तो म्हणजे वैमानिकांनीं ठाण्याजवळच राहावें. ब्रिटनमध्यें १९७५ सालापासून जी नियमावली दीर्घकाळ चालली, तींत असा सल्ला होता, कीं घरापासून विमानतळापर्यंत दीड तासाहून अधिक वेळ लागत असेल, तर वैमानिकानें जवळपास तात्पुरत्या मुक्कामाची सोय पाहावी. हा सल्ला रास्त आहे. परंतु त्यांत जबाबदारी एकट्या माणसावर टाकलेली आहे. रेल्वेनें ड्रायव्हरला शेडजवळ राहावयास सांगितलें तेव्हां चाळ बांधून दिली, आणि परगांवीं रनिंग रूम दिली. हुकूम आणि सोय या दोन गोष्टी तेथें जोडीनें आल्या. शहरांतील घरभाडें, मुलांच्या शाळा आणि वारंवार बदलणारीं ठाणीं यांचा विचार न करतां नुसता सल्ला देणें सोपें असतें.

भारतांत हा हिशेब नुकताच पुनः मांडला गेला आहे. जानेवारी २०२४ मध्यें महासंचालनालयानें वैमानिकांची आठवड्याची विश्रांति ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे नियम काढले. २०२५ च्या जुलै व नोव्हेंबर महिन्यांत ते दोन टप्प्यांनीं लागूं झाले. त्याच डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत वैमानिकांच्या तुटवड्यामुळें देशांत हजारों उड्डाणें रद्द झालीं, आणि कांहीं तरतुदी तात्पुरत्या शिथिल कराव्या लागल्या. अडकलेल्या उतारूंचे हाल सर्वांना दिसले. त्यांच्यामागें कोणाची झोंप मोजली जावी आणि किती, हा जो मूळचा वाद होता, तो थोड्यांनाच दिसला.

हरकाऱ्यापासून वैमानिकापर्यंतच्या या वाटचालीवरून एक गोष्ट निश्चित म्हणतां येते. जेथें परतीचा प्रवास कामाच्या वहींत लिहिला गेला, तेथें वाहणारा माणूसहि गणतींत आला. जेथें तो वहीबाहेर राहिला, तेथें त्याचा भार मुकाट्यानें त्याच्याच खांद्यावर पडला, मग तो वेठीचा असो वा दिवसाकांठीं मोठा पगार घेणारा असो. स्वतःची वाट स्वतः निवडण्याचा हक्क वैमानिकाला असावाच. परंतु निवड त्याची झाली म्हणून थकवाहि केवळ त्याचाच, असें होऊं शकत नाहीं. कारण त्याच्या पाठीमागच्या रांगांत दीड-दोनशें माणसें बसलेलीं असतात, आणि तो किती वाजतां घरून निघाला हें त्यांच्यापैकीं एकालाहि ठाऊक नसतें. मानवतच्या बाजारांत भाडें ठरविणाऱ्या गाडीवानाला जें कळत होतें, तें आजच्या तक्ते आंखणाऱ्यांना कळण्यास हरकत नसावी : जाणें आणि येणें मिळून फेरी एकच होते.